मतदारसंघांच्या सीमा आणि लोकप्रतिनिधित्व : कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाहीचा अभ्यास करताना आपले लक्ष सामान्यतः निवडणूक, पक्ष, उमेदवार आणि निकाल यांवर केंद्रित होते. ज्या भौगोलिक चौकटीत ही निवडणूक होते ती चौकट, म्हणजे मतदारसंघ, आपण गृहीत धरतो. वस्तुतः मतदारसंघ ही निसर्गनिर्मित बाब नाही. नदी, डोंगर वा घाट यांच्याप्रमाणे तो आधीपासून अस्तित्वात नसतो; कोणीतरी, कधीतरी, काही निकषांच्या आधारे नकाशावर रेषा ओढतो आणि मतदारसंघ जन्माला येतो. ही रेषा कोणी ओढावी, कोणत्या मापाने ओढावी आणि ती ओढताना कोणाचे म्हणणे ऐकावे, हे तीन प्रश्न प्रातिनिधिक लोकशाहीच्या इतिहासात सतत उपस्थित होत आले आहेत.

अमेरिकेच्या संघराज्यात या प्रश्नांनी दोन शतकांहून अधिक काळ राजकारण ढवळून काढले आहे. भारतात मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वातंत्र्यानंतर अल्पावधीतच दिले गेले, आणि बहुधा त्यामुळेच उरलेल्या दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले. प्रस्तुत लेखात कोल्हापूर जिल्ह्यातील लोकसभा व विधानसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा इतिहास तपासून असे प्रतिपादन करावयाचे आहे की, रेषा ओढणारा हात निःपक्षपाती असणे ही न्याय्य प्रतिनिधित्वाची आवश्यक अट आहे, परंतु ती पुरेशी अट नाही. २००८ च्या पुनर्रचनेत कोल्हापूर जिल्ह्याने विधानसभेच्या १२ पैकी २ जागा गमावल्या. ही घट कोणाच्या कटकारस्थानाने झाली नाही, ती भागाकाराने झाली. या भागाकाराचा अर्थ समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील पूर्वपीठिका

अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या सीमा आखण्याचा अधिकार बहुतांश राज्यांत राज्य विधिमंडळाकडे आहे. याचा अर्थ असा की, ज्यांना निवडणुकीत लाभ वा हानी होणार तेच नकाशा तयार करतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या मतदारसंघांची नवी रचना करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील एसेक्स परगण्यातील एका मतदारसंघाचा आकार इतका वेडावाकडा होता की, एका वृत्तपत्राने त्यास सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप देऊन व्यंगचित्र छापले. गेरी आणि सॅलॅमँडर या दोन शब्दांच्या संयोगातून ‘जेरीमँडर’ हा शब्द रूढ झाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत गेरी यांच्या पक्षाला विरोधकांपेक्षा किंचित कमी मते मिळाली, तरीही सिनेटच्या ४० पैकी २९ जागा त्या पक्षाकडे गेल्या. मतदार तेच, मते तीच. केवळ रेषा बदलल्याने बहुमत बदलते, हे या घटनेने दाखवून दिले.

अमेरिकी इतिहासात याच्या उलट प्रकारचा अन्यायही आढळतो. तो म्हणजे रेषा न बदलण्याचा अन्याय. टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने १९०१ नंतर सहा दशके आपल्या मतदारसंघांची फेररचनाच केली नव्हती. खेड्यांतून शहरांकडे लोकसंख्या सरकली, परंतु जागा मात्र खेड्यांतच राहिल्या. ‘बेकर विरुद्ध कार’ (१९६२) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा तक्रारी न्यायालयात ऐकता येतील असे ठरविले आणि १९६४ च्या निर्णयांतून ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व प्रस्थापित झाले. लोकसंख्येच्या विषमतेवर न्यायालयाने असा उपाय शोधला. पक्षीय हेतूने केलेल्या रचनेवर मात्र त्यास उपाय सापडला नाही. ‘रुचो विरुद्ध कॉमन कॉज’ (२०१९) या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने हा प्रश्न संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचा ठरविला. पुढे २०२५ मध्ये टेक्सास राज्याने जनगणनेची वाट न पाहता दशकाच्या मध्येच रिपब्लिकन पक्षास अनुकूल असा नवा नकाशा संमत केला. त्यास प्रत्युत्तर म्हणून, ज्या कॅलिफोर्नियाने हा अधिकार विधिमंडळाकडून काढून नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिला होता, तेथील मतदारांनीच नोव्हेंबर २०२५ मधील सार्वमतात त्या आयोगाचा प्रतिनिधिगृहासाठीचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला. एका राज्याने नियम मोडला की दुसऱ्यास तो पाळणे परवडत नाही, असा याचा बोध आहे.

भारतीय व्यवस्था : लेखणी आयोगाच्या हाती

भारतात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीचे मतदारसंघ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरविण्यात आले. त्यानंतर लगेच १९५२ मध्ये स्वतंत्र परिसीमन आयोगाचा कायदा झाला. १९६२, १९७२ व २००२ च्या कायद्यांनी हीच परंपरा पुढे चालविली. २००२ च्या कायद्यानुसार नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे होते. निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि संबंधित राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त हे त्याचे अन्य सदस्य होते. प्रत्येक राज्यातील पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून चर्चेत भाग घेत. परंतु त्यांना मतदानाचा वा आदेशावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार नव्हता. लोकप्रतिनिधींचे म्हणणे ऐकावयाचे, परंतु लेखणी त्यांच्या हाती द्यावयाची नाही, असा हा विचारपूर्वक केलेला समतोल आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ नुसार मतदारसंघांच्या परिसीमनाविषयीच्या कायद्यास न्यायालयात आव्हान देता येत नाही. ‘मेघराज कोठारी विरुद्ध परिसीमन आयोग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये आयोगाच्या आदेशालाही कायद्याचेच बळ असल्याचे मान्य केले. प्रत्येक रेषेवर दावा दाखल झाला तर निवडणूकच होणार नाही, ही त्यामागील व्यावहारिक भूमिका होती. जुलै २०२४ मध्ये मात्र गुजरातमधील बारडोली मतदारसंघाच्या आरक्षणासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तटबंदी किंचित शिथिल केली. आदेश उघडपणे मनमानी स्वरूपाचा असेल तर न्यायालय त्याची तपासणी करू शकते, असे न्यायालयाने म्हटले.

कोल्हापूरच्या मतदारसंघांची स्थित्यंतरे

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. तत्पूर्वी संस्थानी प्रजेला मुंबई प्रांताच्या विधिमंडळात स्थान नव्हते. तथापि प्रतिनिधित्वाचा प्रश्न कोल्हापूरला अपरिचित नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी विधिमंडळातील प्रतिनिधित्व हे ब्राह्मणेतर समाजाच्या उत्थानाचे साधन मानले होते आणि १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबई विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव ठेवण्यात आल्या. मतदारसंघाची रचना ही सामाजिक न्यायाची रचना असते, ही जाणीव या भूमीत अशी जुनी आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत या भागाच्या लोकसभा मतदारसंघाचे नावच ‘कोल्हापूर व सातारा’ असे जोडनाव होते. रत्नाप्पा कुंभार आणि बाळासाहेब खर्डेकर हे त्या नावाच्या मतदारसंघाचे लोकसभेतील प्रतिनिधी होत. १९५७ मध्ये कोल्हापूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि मतदार मात्र तेच, अशी ती रचना होती. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिघे हे दोघे येथून निवडून आले. एकाच मतदाराने शेतकऱ्यांच्या पक्षाला आणि दलितांच्या पक्षाला मत द्यावे, ही घटना आघाडीच्या राजकारणाइतकीच मतदारसंघाच्या रचनेचेही फलित होती. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि राखीव मतदारसंघ स्वतंत्र झाले.

१९६२ पासून जिल्ह्याच्या पूर्व भागात हातकणंगले हा लोकसभा मतदारसंघ होता. १९७७ मध्ये त्याची जागा इचलकरंजीने घेतली. २००९ मध्ये इचलकरंजीचे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि हातकणंगले पुन्हा अवतरले. नाव तेच असले तरी मतदारसंघ तोच नव्हता, हे पुढे स्पष्ट होईल.

१९७६ चे गोठवणे आणि त्याचा परिणाम

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. कुटुंबनियोजन यशस्वीपणे राबविणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा म्हणून जागा गमवाव्या लागू नयेत, हा त्यामागील उद्देश होता. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. त्याच वेळी राज्यांतर्गत सीमांची फेररचना करण्याची मुभा दिली. २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने या फेररचनेसाठी २००१ ची जनगणना आधार मानली. अशा रीतीने महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा कायम राहिल्या, परंतु त्यांची जिल्हानिहाय वाटणी पूर्णपणे बदलली.

ही वाटणी समजण्यासाठी एक साधा भागाकार पुरेसा आहे. १९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. तिला २८८ ने भागले असता एका विधानसभा मतदारसंघामागे सरासरी सुमारे १ लाख ७५ हजार लोकसंख्या येते. त्या वेळी कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २० लाख ४८ हजार होती. तिला या सरासरीने भागल्यास ११.७० हे उत्तर येते, म्हणजेच १२ जागा. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख आणि सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार झाली. कोल्हापूरची लोकसंख्या ३५ लाख २३ हजार होती. आता उत्तर येते १०.४७, म्हणजेच १० जागा. तीस वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे ९२ टक्क्यांनी वाढली, कोल्हापूरची ७२ टक्क्यांनी. जिल्हा वाढला, परंतु राज्याच्या गतीने वाढला नाही. म्हणून त्याचा वाटा घटला.

हा अनुभव एकट्या कोल्हापूरचा नव्हता. सातारा जिल्ह्याच्या जागा १० वरून ८ झाल्या, सांगलीच्या ९ वरून ८. अविभाजित रत्नागिरी जिल्ह्याला ११ जागा होत्या. पुनर्रचनेनंतर रत्नागिरीच्या ५ व सिंधुदुर्गच्या ३ मिळून ८ उरल्या. मुंबई शहर जिल्ह्याच्या जागाही १७ वरून १० वर आल्या. दुसऱ्या बाजूस मुंबई उपनगर जिल्हा १७ वरून २६ वर, तत्कालीन ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर आणि पुणे १८ वरून २१ वर गेला. ज्या जिल्ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे गिरणगावात, गोदीत आणि पुढे औद्योगिक वसाहतींत पाठविली, त्यांच्या जागाही त्या माणसांच्या मागोमाग गेल्या. घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांतून मनीऑर्डरी येत राहिल्या, परंतु जनगणनेत ती माणसे जेथे राहत होती तेथेच मोजली गेली.

घट की न्याय?

येथे भावनेच्या आहारी जाऊन कोल्हापूरवर अन्याय झाला असे म्हणणे सोपे आहे. पण आकडे वेगळीच बाजू दाखवितात. जुन्या १२ जागा कायम राहिल्या असत्या तर २००१ च्या लोकसंख्येनुसार कोल्हापूरच्या एका आमदारामागे सुमारे २ लाख ९४ हजार लोक राहिले असते; तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, ८१ लाख लोकसंख्येला १३ जागा या प्रमाणात, एका आमदारामागे ६ लाख २५ हजार. म्हणजे विधानसभेच्या तराजूत कोल्हापूरच्या एका मतदाराचे वजन ठाण्याच्या दोन मतदारांहून अधिक भरत होते. टेनेसीतील शहरी मतदारांची १९६२ मधील तक्रार हीच होती. या दृष्टीने २००८ ची पुनर्रचना हा उशिरा झालेला न्याय होता.

तथापि हा न्याय ज्या मापाने मोजला गेला, त्या मापाविषयी एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. लोकसंख्यावाढ कमी राखणाऱ्या तामिळनाडू वा केरळ यांनी जागा गमावू नयेत, म्हणून घटनेने राज्यांना संरक्षण दिले. परंतु राज्याच्या आत, लोकसंख्या कमी गतीने वाढलेल्या जिल्ह्यांना मात्र असे कोणतेही संरक्षण नव्हते. राज्या-राज्यांत एक तत्त्व आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत दुसरे तत्त्व असा हा दुहेरी न्याय आहे. अमेरिकेत राज्यांनाही असे संरक्षण नाही. न्यूयॉर्क राज्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा एके काळी ४५ होत्या, त्या २०२० च्या जनगणनेनंतर २६ झाल्या. तेथे माप कठोर परंतु एकसारखे आहे. आपल्याकडे ते राज्यासाठी मऊ आणि जिल्ह्यासाठी कठोर आहे. उत्तर व दक्षिण भारत यांच्यातील जागावाटपाच्या वादाची चर्चा करताना, ज्या प्रसंगाची दक्षिणेकडील राज्यांना भीती वाटते, तो दक्षिण महाराष्ट्राने २००९ मध्येच प्रत्यक्ष अनुभवला आहे, हे आपल्या चर्चेत क्वचितच येते.

नव्या रेषा आणि जुने तालुके

१२ जागांच्या काळात कोल्हापूर जिल्ह्यात सहा-सहा विधानसभा मतदारसंघांचे दोन पूर्ण लोकसभा मतदारसंघ बसत होते. शाहूवाडी, पन्हाळा, सांगरूळ, राधानगरी, कोल्हापूर व करवीर मिळून कोल्हापूर. आणि कागल, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ, इचलकरंजी व वडगाव मिळून इचलकरंजी. जिल्ह्याची सीमा आणि लोकसभेची सीमा एकच होती. जागा १० झाल्यावर हे गणित मोडले. सहा मतदारसंघांचा कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ पूर्ण झाल्यानंतर शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी व शिरोळ असे चार उरले. उरलेले दोन सांगली जिल्ह्यातून, इस्लामपूर व शिराळा, घेण्यात आले आणि हातकणंगले मतदारसंघ सिद्ध झाला. सांगलीच्या ८ जागांपैकी उरलेल्या ६ जागांचा सांगली लोकसभा मतदारसंघ बनला. सातारा, कराड, सांगली, इचलकरंजी आणि कोल्हापूर असे पूर्वी या तीन जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांच्या नावाने पाच लोकसभा मतदारसंघ होते. कराड आणि इचलकरंजी यादीतून गेले, हातकणंगले आले, आणि संख्या चारवर आली.

विधानसभेच्या पातळीवर पन्हाळा, सांगरूळ, गडहिंग्लज आणि वडगाव ही चार नावे लुप्त झाली. कोल्हापूर शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ अस्तित्वात आले. वडगावचे अनुसूचित जातींसाठीचे आरक्षण हातकणंगलेकडे गेले. जिल्ह्यात तालुके १२ आणि मतदारसंघ १० असल्याने काही तालुके दुभंगणे अपरिहार्य होते. गडहिंग्लज तालुक्याचे क्षेत्र चंदगड आणि कागल यांत वाटले गेले, आजऱ्यातील उत्तूरचा भाग कागलला जोडला गेला, पन्हाळ्याचा काही भाग शाहूवाडीत तर काही करवीरमध्ये गेला. तालुक्याचे तहसील कार्यालय, बाजारपेठ, खरेदी-विक्री संघ आणि पंचायत समिती एका ठिकाणी. आमदार मात्र दोन, आणि त्यांतील एकाचे बलस्थान दुसऱ्याच तालुक्यात, अशी स्थिती निर्माण झाली. सहकारी साखर कारखाना आणि दूध संस्था यांच्या कार्यक्षेत्रावर ज्या जिल्ह्याचे राजकारण उभे आहे, तेथे ही बाब केवळ तांत्रिक नव्हती. विधानसभेचे २००४ ते २००९ या काळातील अध्यक्ष बाबासाहेब कुपेकर हे गडहिंग्लजचे आमदार होते. त्यांचा मतदारसंघच नकाशावरून गेल्याने २००९ मध्ये त्यांनी चंदगडमधून निवडणूक लढवून विजय मिळविला. पन्हाळ्याचे विनय कोरे शाहूवाडीत गेले. नेते नव्या मतदारसंघात स्थिरावले. तालुक्याची राजकीय ओळख मात्र मागे राहिली.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. या रेषांनी कोणत्याही पक्षाला कायमची जागीर दिली नाही. कोल्हापूर लोकसभा मतदारसंघातून २००९ मध्ये सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून, २०१४ मध्ये धनंजय महाडिक राष्ट्रवादी काँग्रेसकडून, २०१९ मध्ये संजय मंडलिक शिवसेनेकडून आणि २०२४ मध्ये शाहू छत्रपती काँग्रेसकडून निवडून आले. चार निवडणुका आणि चार निरनिराळ्या भूमिका. हातकणंगलेतून २००९ व २०१४ मध्ये ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी विजयी झाले, तर २०१९ व २०२४ मध्ये धैर्यशील माने. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या खोऱ्यांतील ऊसउत्पादक एका मतदारसंघात आल्याने, जिल्ह्याच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या शेतकरी प्रश्नाला लोकसभेत व्यासपीठ मिळाले, हाही या रचनेचा अनपेक्षित परिणाम म्हणता येईल. अमेरिकेतील अनेक मतदारसंघांत निकाल नकाशा तयार होतानाच निश्चित होतो. येथे तो मतदानाच्या दिवसापर्यंत खुला राहिला. आयोगाच्या निःपक्षपातीपणाचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

प्रभागरचना : घरातील जेरीमँडर

लोकसभा व विधानसभेची लेखणी आयोगाच्या हाती असली तरी महानगरपालिकांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. प्रभाग एकसदस्यीय असावा की बहुसदस्यीय, हा निर्णय महाराष्ट्रात राज्यातील सत्ताधारी घेत आले आहेत. मुंबई वगळता बहुतांश महानगरपालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक सदस्याचा, २०१२ मध्ये दोन सदस्यांचा आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचा. २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने तीन सदस्यांचा प्रभाग ठरविला, मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य शासनाकडे घेतला आणि त्याच वर्षी सत्तांतरानंतर नव्या सरकारने ती रचना रद्द करून पुन्हा चार सदस्यांची पद्धत आणली. लोकसंख्येतील कोणत्या बदलामुळे हे बदल आवश्यक झाले, हे सांगता येणे कठीण आहे.

कोल्हापूर महानगरपालिकेची २०१५ ची निवडणूक ८१ एकसदस्यीय प्रभागांतून झाली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद हे विलंबाचे एक कारण होते. वारंवार बदलणारी प्रभागरचना हे दुसरे. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी निवडणूक झाली, तेव्हा त्याच ८१ जागा २० बहुसदस्यीय प्रभागांत विभागलेल्या होत्या. पेठ, गल्ली आणि तालीम यांच्या ओळखीवर चालणाऱ्या या शहरातील मतदाराला एकाऐवजी चार, आणि एका प्रभागात पाच, प्रतिनिधी निवडावे लागले. मोठा प्रभाग संघटित पक्षाला सोयीचा आणि अपक्ष वा स्थानिक कार्यकर्त्याला अवघड असतो, हे राजकीय वास्तव सर्वज्ञात आहे. अमेरिकेतील ज्या प्रथेकडे आपण आश्चर्याने पाहतो, तिचे बीज आपल्या नगरपालिका कायद्यांत आहेच.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रेषा कोणी ओढावी, या प्रश्नाला भारताने दिलेले उत्तर अमेरिकेपेक्षा अधिक समाधानकारक आहे. कोल्हापूर व हातकणंगले मतदारसंघांतील २००९ नंतरचे निकाल त्याची साक्ष देतात. हेच तत्त्व महानगरपालिकांच्या प्रभागरचनेस लागू करून प्रभागाची सदस्यसंख्या ठरविण्याचा अधिकारही स्वतंत्र यंत्रणेकडे देणे तर्कसंगत ठरेल.

२) कोणत्या मापाने, या प्रश्नाला दिलेले उत्तर विसंगत आहे. राज्यांना लोकसंख्या-नियंत्रणाबद्दल संरक्षण आणि जिल्ह्यांना मात्र नाही, ही स्थिती तत्त्वाच्या पातळीवर समर्थनीय नाही. समान मताचे मूल्य सर्वोच्च मानावयाचे असेल तर ते सर्वत्र मानावे लागेल. प्रदेशाच्या हिताचे रक्षण करावयाचे असेल तर त्याचा विचार राज्याच्या आतही करावा लागेल.

३) कोणाचे ऐकावे, या प्रश्नाला दिलेले उत्तर अपुरे आहे. कायद्याप्रमाणे आयोग प्रस्ताव प्रसिद्ध करतो, सहयोगी सदस्यांचे भिन्न मतही त्यासोबत छापतो, हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. परंतु अंतिम आदेशात तहसील, महसूल मंडळे, सजा व गावे यांची केवळ यादी असते. गडहिंग्लज का दुभंगले, शिराळा हातकणंगलेस का जोडले, याची कारणे त्यात नसतात. ज्या आदेशाविरुद्ध सहसा दाद मागता येत नाही, त्या आदेशाची कारणे तरी नागरिकांना कळावीत, ही अपेक्षा अवास्तव नाही. आयोगाने मतदारसंघनिहाय कारणमीमांसा प्रसिद्ध करण्याची तरतूद पुढील परिसीमन कायद्यात असावी.

शासनाने जून २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीतील २०२६ च्या मर्यादेनंतरची ही पहिली जनगणना होय. २०११ च्या लोकसंख्येनुसार कोल्हापूर जिल्ह्याचा भागाकार ९.९३ येतो, म्हणजे दहावी जागा त्या वर्षापर्यंत शाबूत होती. पुढील भागाकार काय येईल हे जनगणनाच ठरवील. परंतु त्या उत्तराच्या आधारे रेषा ओढल्या जातील तेव्हा आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व राज्यशास्त्र विभागांनी केवळ प्रेक्षक राहू नये. तालुक्यांची दळणवळणाची स्थिती, बाजारपेठांचे परस्परसंबंध, नदीखोऱ्यांची एकात्मता आणि अनुसूचित जातींच्या वस्तीचे वितरण यांचा अभ्यास करून तो हरकतींच्या मुदतीत आयोगासमोर मांडणे, हे काम अभ्यासकच करू शकतात. परिसीमन कायद्याने भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि जनतेची सोय हे निकष स्वतःच सांगितले आहेत. त्या निकषांना स्थानिक पुराव्याची जोड कोणी दिली नाही, तर निर्णय केवळ भागाकारावर होईल. आणि भागाकाराला गावांची नावे ठाऊक नसतात.